सासूबाईंची लंडनवारी

घरातलं कुणी लंडनला निघालं, की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘किती दिवस?’ आणि ‘तिकडं थंडी फार ना हो?’ खरं तर विचारायला हवा तो तिसराच प्रश्न : ‘सगळ्या कागदांवर नाव एकच आहे ना?’ हा प्रश्न आम्हांलाही कुणी विचारला नाही, आणि त्यापायी आमचा दीड महिना गेला. तुमचा जाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी राहते साताऱ्याला. सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारनंतर घर. परदेश म्हणजे नकाशावर मुलांना दाखवायची गोष्ट, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. पण २०२४ च्या मे महिन्यात माझ्या नणंदेचा लंडनहून फोन आला. अडतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले होते. नोव्हेंबरच्या मध्यावर बाळंतपण. तिनं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, “वहिनी, आईला सांग.” मी सांगितलं. सासूबाई देवापुढची निरांजन आवरत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं.”

या एका वाक्यामागं पाच वर्षं होती. २०१९ साली नणंदेनं तिकडं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, ते सासूबाईंच्या मनाविरुद्ध. त्या गेल्या नाहीत. पुढं २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सासरे गेले, तेव्हा प्रवासाच्या निर्बंधांमुळं ती येऊ शकली नाही. मध्यंतरी एकदा आठ दिवस येऊन गेली, पण मायलेकी एकमेकींशी जपून जपूनच बोलल्या. म्हणजे आमच्या घरातली ही लंडनवारी हौसेची नव्हती.

ह्यांना रजा मिळण्यासारखी नव्हती. सासूबाईंचं वय एकाहत्तर, दोन वेळा इन्सुलिन, आणि आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास काशीयात्रेचा. त्यांना एकटं पाठवणं शक्यच नव्हतं. त्यामुळं तीन आठवड्यांसाठी मी सोबत जायचं ठरलं. सासू आणि सून दोघीच, पहिल्यांदाच विमानात! मैत्रिणी म्हणाल्या, “धाडस आहे हं तुझं!” त्यांचा रोख विमानावर नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

नावात काय नसतं?

सासूबाईंचं माहेरचं नाव कुसुम. लग्नात नाव बदलून सुनंदा झालं. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर सुनंदा, पेन्शनच्या पुस्तकात सुनंदाबाई, आणि बँकेच्या खात्यावर नुसतंच ‘एस’. आधार कार्डावर जन्मतारखेच्या जागी फक्त वर्ष. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण पासपोर्टाच्या दारात गेल्यावर या चार बायका एकच आहेत, हे सिद्ध करायची वेळ आली.

आपल्याकडं ही अडचण बहुतेक घरांतून निघेल. लग्नात आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, कित्येकींचं तर पहिलं नावसुद्धा तांदळात लिहून बदलतात. आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावाच्या बदलाची नोंद छापून घेतली, मग आधार दुरुस्त केलं, मग बँक, आणि सर्वांत शेवटी पासपोर्टाचा अर्ज भरला. क्रम महत्त्वाचा. आधी अर्ज भरून मग नावं जुळवत बसाल, तर सेवा केंद्रातून परत यावं लागेल.

माझं स्वतःचंही तेच. पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, बाकी सगळीकडं सासरचं. माझ्याजवळ विवाह नोंदणीचा दाखला होता म्हणून निभावलं. तुमच्या लग्नाची नोंदणी झाली नसेल, तर परदेशी जायचं असो वा नसो, ती आधी करून घ्या. आणि पासपोर्ट हाती आला की नाव, जन्मतारीख आणि मुदत तिथल्या तिथं तपासा. परतीच्या तारखेनंतरही निदान सहा महिने मुदत उरलेली असावी, म्हणजे पुढं कुठं अडत नाही.

व्हिसा आणि आमची चूक

विलायतेला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना सहसा सहा महिन्यांपर्यंतचा व्हिसा मिळतो. अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो, त्याआधी नाही. अर्ज संगणकावर भरायचा, पैसेही तिथंच भरायचे, आणि मग ठरलेल्या दिवशी केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नि फोटो द्यायचे. आम्हांला पुण्याचं केंद्र सोयीचं पडलं. जे कागद इंग्रजीत नाहीत, त्यांचं प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. आपला सात-बारा, घरपट्टीची पावती, पेन्शनचं पुस्तक, सगळं मराठीत. भाषांतराला आठ दिवस हाताशी ठेवा.

आता चूक सांगते. सासूबाईंच्या खात्यात पेन्शनचे साठलेले पन्नासएक हजार होते. ह्यांना वाटलं, एवढ्याशा शिलकेवर कोण व्हिसा देणार? म्हणून अर्जाच्या आठ दिवस आधी ह्यांनी आपल्या खात्यातले अडीच लाख आईच्या खात्यात टाकले. हेतू चांगला. पण कागद तपासणाऱ्याला हेतू दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की महिन्याकाठी थोडकी पेन्शन येणाऱ्या खात्यात एकाएकी अडीच लाख आले आणि ते कुठून आले याचा खुलासा नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. माझा व्हिसा मंजूर. सासूबाईंचा नामंजूर.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. भरलेली फी बुडालीच, शिवाय असल्या नकारावर अपील नसतं, नव्यानं अर्ज करावा लागतो. ह्यांनी स्वतःला फार लावून घेतलं. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “तू जा. तिच्याजवळ कुणीतरी आपलं असू दे. मी तेव्हा गेले नाही, आता मला येऊ देत नाहीत. फिटंफाट झाली.” मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी आम्ही जे आहे ते लिहिलं. ही रक्कम मुलाची, त्यानं अमुक तारखेला दिली, हा त्याच्या खात्याचा उतारा. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मुलगी करणार, हे तिचं पत्र, हे तिच्या पगाराचे कागद, ही तिच्या घराची कागदपत्रं. सासूबाई परत का येणार? तर साताऱ्याचं घर त्यांच्या नावावर, मुलगा, सून, नातू इथं, पेन्शन इथं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होकार आला. यातून मी शिकले ते सांगते : खातं फुगवू नका. थोडकं असेल तर थोडकं दाखवा, आणि दुसरं कुणी खर्च करणार असेल, तर त्याचं नाव, नातं नि पुरावा सरळ द्या.

डॉक्टरांकडं दोन खेपा

मधुमेह, रक्तदाब, गुडघे, यांपैकी काही ना काही आपल्या घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला असतंच. प्रवासाआधी महिनाभर एक खेप आणि आठवडाभर आधी दुसरी, अशा दोन खेपा डॉक्टरांकडं कराव्यात. पहिल्या खेपेत तब्येत तपासून घ्यायची, दुसऱ्या खेपेत कागद घ्यायचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावं इंग्रजीत, सुवाच्य लिहून घ्या. आपल्याकडची कंपनीची नावं तिकडं चालतीलच असं नाही. मुक्कामाला लागतील तेवढी औषधं, वर थोडी जास्त, मूळ वेष्टनातच न्यावीत. डब्यात मोकळ्या गोळ्या भरून नेऊ नयेत.

इन्सुलिनचं मुद्दाम सांगते. ते नेहमी हातातल्या पिशवीत. सामानाच्या बॅगेत कधीही नाही. एक तर बॅग चुकू शकते, आणि दुसरं म्हणजे विमानाच्या पोटात ते गोठण्याचा संभव असतो. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामीच. ते गार पिशवीत ठेवावं, पण बर्फाला थेट टेकू देऊ नये. हातातल्या सामानात पातळ पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांतच नेता येतात. औषधांना यात सवलत असते, मात्र डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. पश्चिमेकडं जाताना दिवस लांबतो. लंडन आपल्यामागं उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच तास. तिकडची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. मग रात्रीचं इन्सुलिन इथल्या रात्री घ्यायचं की तिथल्या? हे आपल्या मनानं ठरवायचं नसतं. आमच्या डॉक्टरांनी कागदावर वेळा लिहून दिल्या : अमुक वाजता जेवण, अमुक वाजता इन्सुलिन, आणि घड्याळ कुठं बदलायचं. साखर उतरली तर हाताशी हवी म्हणून सासूबाईंनी पदराच्या गाठीला खडीसाखर बांधली. मी ग्लुकोजची पुडी पर्समध्ये ठेवली. दोन्ही बरोबर!

प्रवासाचा विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नयेत. तसे लिहून, ते ज्यात धरले जातात असाच विमा घ्यावा. तिथल्या सरकारी रुग्णालयांत पाहुण्यांना बहुतेक उपचारांचे पैसे मोजावे लागतात, आणि ते आपल्या खिशाला झेपणारे नसतात. अगदी तातडीच्या वेळी ९९९ हा क्रमांक, आणि तितकी तातडी नसेल पण सल्ला हवा असेल तर १११. हे दोन्ही मी सासूबाईंच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

पेढे, तूप आणि डिंकाचे लाडू

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. साताऱ्याहून निघायचं आणि कंदी पेढे न्यायचे नाहीत, ही कल्पनाच सासूबाईंना सहन होईना. पण ब्रिटनमध्ये आपल्याकडून दूध आणि दुधाचे पदार्थ, तसंच मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, बर्फी नाही, घरचं साजूक तूप नाही. लपवून नेलं तर विमानतळावर काढून घेतात. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावं. सुक्या खोबऱ्याचंही एक आहे. त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं, म्हणून बॅगेच्या सामानात त्याला मनाई आहे. खोबऱ्याच्या वाट्या भरून घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना त्या मुंबईच्या विमानतळावरच काढून ठेवाव्या लागल्या आहेत.

मग बाळंतिणीच्या लाडवांचं काय? आम्ही लाडू नेलेच नाहीत, सासूबाईंचे हात नेले. वेम्बलीला ईलिंग रोडवर आपल्याकडच्या वाणसामानाची दुकानं ओळीनं आहेत. डिंक, खारीक, मेथी, बदाम, कणीक, सगळं मिळतं. तूपही मिळतं. नणंदेच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी ताजे लाडू वळले. घरून नेलं ते एवढंच : मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, लसणाची चटणी (खोबरं न घालता) आणि सुंठीची पूड. प्रत्येक पुडी दुहेरी पिशवीत, वर इंग्रजीत नाव. भाजणीवर मी ‘रोस्टेड फ्लोअर मिक्स’ असं लिहिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बिचारीला ओळखू तरी येईल का हे नाव!”

विमानातल्या जेवणाबद्दल एक सूचना. तिकीट काढताना जेवणाचा प्रकार सांगायचा असतो. ‘हिंदू जेवण’ असं वाचून आपण ते शाकाहारी समजतो, पण त्यात मांस-मासे असू शकतात, गोमांस तेवढं नसतं. शुद्ध शाकाहारी हवं तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागावं. मधुमेह्यांसाठी वेगळं जेवण असतं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही, विचारून घ्यावं. आम्ही घरच्या दशम्या नि चटणी जवळ ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर तीच खाल्ली.

सामानाचा काटा आणि घराची घडी

तिकिटावर किती किलो लिहिलं आहे ते आधी वाचा. आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोची एक बॅग आणि हातात ७ किलो होतं. आम्ही बॅगा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन मोजल्या. पहिल्या खेपेला सासूबाईंची बॅग २९ किलो भरली. उघडून पाहिलं तर खाली खलबत्ता! तो परत गेला.

नोव्हेंबरात तिकडं दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, आणि गारवा हाडांत शिरतो. एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर जास्त ऊबदार. सासूबाई साडीच नेसणार, हे ठरलेलं. मग आत ऊबदार विजार आणि पूर्ण बाह्यांचा गंजीफ्रॉक, त्यावर साडी दोन बोटं वर नेसलेली, लोकरी मोजे, न घसरणारे बूट आणि वर गुडघ्याखाली येणारा कोट. साताऱ्यातच पंधरा दिवस त्यांना रोज संध्याकाळी बूट-मोजे घालून फिरायला लावलं. नवे बूट घालून कधीही प्रवासाला निघू नये. दागिने घरीच ठेवले, गळ्यात साधी पोत नि हातांत काचेच्या बांगड्या.

विजेचा दाब तिकडं आपल्यासारखाच, पण भिंतीतली भोकं तीन चपट्या खिळ्यांची. त्यासाठी जोडखिळा इथूनच घ्या. मोबाइलची जादा बॅटरी हातातल्या पिशवीत, बॅगेत चालत नाही. पैसे कार्डावर आणि थोडे पौंड रोख. इथं एक गंमत झाली. एका चुलतसासऱ्यांनी मोठ्या प्रेमानं, पूर्वीच्या कुठल्याशा दौऱ्यातली जपून ठेवलेली वीस पौंडांची कागदी नोट सासूबाईंच्या हातावर ठेवली. पण वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर तिकडच्या दुकानांत चालत नाहीत. त्या बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घ्याव्या लागतात. लंडनच्या बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड टेकवावं लागतं.

आणि मैत्रिणींनो, मागं राहणाऱ्या घराचं काय? बाई घराबाहेर पडते तेव्हा तिची निम्मी तयारी घरासाठीच असते. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर, शाळेच्या डब्याचा आठवडा, कामाच्या बाईंची सुटी, तापाचं औषध कुठल्या कप्प्यात, हे सगळं एका मोठ्या कागदावर लिहून मी फ्रिजवर चिकटवलं. ह्यांना आणि नऊ वर्षांच्या चिरंजीवांना कुकर लावायला, वरण फोडणीला टाकायला आणि पोळ्या नाही तरी थालीपीठ लावायला शिकवलं. शाळेतून बिनपगारी रजा घेतली. ती मागताना उगाच अपराधी वाटत होतं. आता वाटतं, वाटायला नको होतं.

वहीतली उत्तरं

सासूबाईंची खरी भीती विमानाची नव्हती, गोऱ्या अधिकाऱ्यापुढं उभं राहण्याची होती. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. म्हणून मी त्यांना एक शंभरपानी वही करून दिली. एका पानावर प्रश्न, समोर उत्तर, इंग्रजी वाक्यं देवनागरीत. ‘व्हाय हॅव यू कम?’ याला त्यांनी पहिल्या दिवशी उत्तर दिलं, “बाळंतपणाच्या कामाला आलेय.” मी म्हटलं, “आई, ‘काम’ हा शब्द तिथं नको. पाहुण्यांना तिथं नोकरी करायला बंदी आहे, उगाच गैरसमज व्हायचा. तुम्ही मुलीला भेटायला चाललात ना, मग तेच सांगा.” त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “हो. भेटायलाच चाललेय.”

पुढं रोज रात्री जेवणं आटपली की आमची शिकवणी. मी अधिकारी, त्या प्रवासी. कधी नातू अधिकारी. एकदा मी त्यांना डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगितली. मनाविरुद्ध सासरी जाणार नाही म्हणून कोर्टात उभी राहिलेली ही बाई १८८९ साली इंग्लंडला गेली आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८९४ साली डॉक्टर झाली. तेव्हा तर आगबोटीचा आठवड्यांचा प्रवास. सासूबाई म्हणाल्या, “तिला कुणी वही करून दिली असेल का गं?”

त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतःची एक यादी केली होती. पासपोर्ट, चष्मा, कवळीची डबी, इन्सुलिन, खडीसाखर, बाळाचं झबलं. मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभं असताना त्यांनी वही काढली आणि एकेका नावापुढं खूण करू लागल्या. चौथ्या नावाशी थांबल्या. “इन्सुलिन कुठंय?” मी पिशवी पाहिली. नव्हतं. आदल्या रात्री हातातली पिशवी जड वाटली म्हणून ह्यांनी ती गार पिशवी मोठ्या बॅगेत टाकली होती. बॅग पट्ट्यावर चढायला पुढं दोनच माणसं उरली होती. आम्ही तिथंच जमिनीवर बसून बॅग उघडली, लोकांपुढं साड्या बाहेर काढल्या आणि औषध हाती घेतलं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर काय, हा विचार मी अजूनही करत नाही. इतकी पत्रकं, इतके नियम मी पाठ केले होते, पण वेळेला उपयोगी पडली ती सातवी शिकलेल्या बाईची यादी.

विमानात आणि उतरल्यावर

मुंबई ते लंडन थेट विमान असलं तरी साडेनऊ-दहा तास, कधी जास्तही लागतात. इतका वेळ पाय लोंबकळत बसलं की ते सुजतात, क्वचित रक्ताची गुठळीही होते. म्हणून तासा-दीड तासानं उठून चार पावलं चालावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावं. कडेची जागा मागून घ्यावी, म्हणजे उठताना संकोच वाटत नाही. चाकाच्या खुर्चीची मदत तिकिटाच्या वेळीच विमान कंपनीला कळवून ठेवावी. सासूबाईंना आधी कमीपणा वाटला, पण हीथ्रोचे लांबलचक रस्ते पाहिल्यावर त्याच म्हणाल्या, “बरं केलंस.”

अधिकारी तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाई वही न पाहता म्हणाल्या, “टु मीट माय डॉटर.” पुढचं वाक्य वहीत नव्हतं, ते त्यांनी स्वतःच जोडलं : “फाइव्ह इयर्स.” आणि पाच बोटं दाखवली. मुलगी हसली, शिक्का मारला.

बाहेर नणंद उभी होती, कोटाची बटणं न लागणारी. सासूबाईंनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, तिनं खाली वाकायचा. दोघींनाही जमेना. शेवटी सासूबाईंनी पदराची गाठ सोडली, खडीसाखरेचा खडा काढला आणि लेकीच्या तोंडात घातला. कोण काय बोललं, ते मी ऐकलं नाही. सामान मोजायचं निमित्त करून जरा लांबच राहिले.

पहिले चार दिवस दोघींना पहाटे तीनला जाग यायची आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायचे. त्यावर उपाय एकच. दिवसा झोपायचं नाही, उजेड असेतो बाहेर फिरायचं. ब्रिटिश म्युझियम पाहायला तिकीट लागत नाही. डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र शासनानं २०१५ साली घेतलं, तेही आम्ही पाहून आलो. १९३२ साली सुरू झालेलं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल भागात आहे. तिथं मराठी बोलणं कानांवर पडलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, तेव्हा बाटल्या विकत घेऊ नयेत.

आम्ही पोचल्यावर आठ दिवसांनी नणंदेला मुलगी झाली. मी ठरल्याप्रमाणं महिनाअखेरीस परतले. फ्रिजवरचा कागद तसाच होता, त्याखाली चिरंजीवांनी लिहिलं होतं : ‘थालीपीठ १४ वेळा.’

सासूबाई फेब्रुवारीत परतल्या. एकट्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, वही मांडीवर. मुंबईला त्यांना आणायला गेलो तेव्हा मी विचारलं, “भीती नाही वाटली?” म्हणाल्या, “वाटली की. पण यादी होती ना.”

तुमच्याही घरात कुणाचा पासपोर्ट कधीतरी करायचा म्हणून राहून गेला असेल, कुणाला भेटायचं राहून गेलं असेल. या रविवारी दुपारी जेवणं झाली की कागदांचा डबा काढा, आणि सगळ्यांवरचं नाव एकच आहे ना, तेवढं पाहून ठेवा. सुरुवात तिथूनच होते.